दीपनगरच्या वर्गात ‘ढ’ कोण ठरवतो?

दीपनगर म्हटले की लोकांना उंच चिमण्या आठवतात. भुसावळ तालुक्यातील हे औष्णिक वीज केंद्र १९६८ साली ६२.५ मेगावॅटच्या एका संचावर सुरू झाले. पुढे २१० मेगावॅटचे दोन संच आले, त्यानंतर ५०० मेगावॅटचे दोन आले. पहिला संच केव्हाच मोडीत निघाला. केंद्रासोबत वसाहत वाढली. वसाहतीत कायम कामगार, तंत्रज्ञ, अभियंते राहतात. फेकरीत आणि आजूबाजूच्या वस्त्यांत कंत्राटी कामगार, राख वाहणारे, हमाल, मजूर राहतात. एकाच भोंग्यावर दोघांचीही पाळी सुरू होते. पगार मात्र वेगळा, घर वेगळे आणि घराचा पत्ता सांगताना लागणारा आवाजही वेगळा.

या परिसरातील एका शाळेच्या पालकसभेला आम्ही मध्यंतरी गेलो होतो. आमच्या ओळखीच्या एका कंत्राटी कामगाराचा मुलगा तिथे सातवीत शिकतो. बाप पाळीवर होता. आई म्हणाली, “दादा, मला मॅडमसमोर बोलता येत नाही, तुम्ही चला.” म्हणून आम्ही सोबत गेलो.

वर्ग छान सजवलेला होता. भिंतीवर रंगीत कागदाचे तक्ते लावले होते. ‘मी करू शकतो’, ‘चुकलो तर शिकलो’, ‘मला हे अजून येत नाही, पण येईल’. आम्हाला खरेच बरे वाटले. मॅडमनी उत्साहाने सांगितले की शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आहे, आता मुलांना सामाजिक-भावनिक शिक्षण द्यायचे आहे, त्यांच्यात ‘ग्रोथ माइंडसेट’ रुजवायचा आहे. एवढे बोलून त्यांनी गुणांचा तक्ता उघडला, मुलाच्या नावावर बोट ठेवले आणि आईला म्हणाल्या, “याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका हो. दहावी झाली की आय.टी.आय.ला टाका. तुमची तिकडे सीट असतेच.”

आईने मान डोलावली. तक्ता भिंतीवर तसाच होता.

परत येताना ती माउली आम्हाला म्हणाली, “दादा, घरी तो सगळी गणितं करतो. वर्गात फळ्याजवळ गेला की सगळं विसरतो.” या एका वाक्याने आम्हाला हा लेख लिहायला लावला. घरी येणारे गणित शाळेत विसरते कसे? ते विसरायला कोण लावते?

आय.टी.आय.ला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. दीपनगरचे संच इतकी वर्षे फिरत आहेत ते आय.टी.आय. शिकलेल्या हातांवरही. प्रश्न आहे तो सातवीतल्या पोराची इयत्ता, त्याचे वय, त्याची मेहनत न पाहता त्याची ‘सीट’ पाहण्याचा.

‘ग्रोथ माइंडसेट’ हा शब्द अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्यामुळे जगभर गेला. २००६ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे साधे आहे. बुद्धी जन्मतः ठरलेली असते, ती वाढत नाही, असे ज्या मुलाला वाटते ते मूल अवघड गणित आले की माघार घेते. मेहनतीने, पद्धत बदलून, इतरांची मदत घेऊन बुद्धी वाढते असे ज्याला वाटते ते मूल पुन्हा प्रयत्न करते. १९९८ साली ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ अशी दिली. नंतर अवघड कोडी दिली तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुले लवकर खचली, मेहनतीची मिळालेली टिकून राहिली.

वाचकहो, हे ऐकून आमच्या चळवळीतल्या माणसाला नवल वाटणार नाही. माणसाची योग्यता जन्मावर ठरते, ती बदलत नाही, ही शिकवण या देशात हजारो वर्षे दिली गेली. वर्णव्यवस्था म्हणजे दुसरे काय आहे? प्रयोगशाळेत ज्याला ‘स्थिर मनोवृत्ती’ म्हणतात, तिला आपल्याकडे धर्माचा आधार होता, गावाची शिस्त होती आणि मोडणाऱ्याला शिक्षा होती. तथागत बुद्धांनी माणूस जन्माने नव्हे तर कर्माने ठरतो असे सांगितले, तेव्हाच या शिकवणीला पहिला धक्का बसला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत थोडीच वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाचा जाब तिने थेट धर्मालाच विचारला. ज्या समाजाला अक्षर वर्ज्य होते त्या समाजातील एक पोर, तिच्यावर विश्वास ठेवणारे शिक्षक मिळताच, कुठवर जाते याचा हा पुरावा आहे. तेव्हा ‘माइंडसेट’ हा शब्द कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. घरी येते ते वर्गात का विसरते?

जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि त्यांच्या सहकारी प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यात केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक समाजकार्यकर्त्याने तो वाचला पाहिजे. सहावी-सातवीच्या वयाची ३२१ सवर्ण मुले आणि ३२१ दलित मुले घेतली. त्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, जितकी सुटतील तितके पैसे. कुणाची जात कुणाला सांगितली नाही तेव्हा दोन्ही गटांतील मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या वेळी प्रयोग करणाऱ्याने कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. कोडी तीच, पैसे तेच, डोकी त्याच तोडीची. दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. सवर्ण मुलांची घसरली नाही.

म्हणजे बुद्धी कमी नव्हती. जात पुकारली गेली आणि हात थांबला. आपल्याला इथे न्याय मिळणार नाही, आपण कमीच समजले जाणार, हे त्या मुलांना कुणी सांगावे लागले नाही. ते त्यांना आधीच ठाऊक होते.

उत्तर प्रदेशातला हा प्रयोग आमच्याकडच्या अनेक शाळांत दरवर्षी होतो आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की शिपाई वर्गात येतो आणि गुरुजी म्हणतात, “मागासवर्गीय मुलांनी उभे राहा.” आमच्यापैकी कितीजण असे उभे राहिले आहेत! त्या दिवशी बाकावर मागे बसलेल्याने हळूच विचारलेला प्रश्न किती जणांना पन्नाशीतही आठवतो! शिष्यवृत्ती हा हक्क आहे, ती भीक नाही, हे आम्ही सभेत सांगतो. पण दहा वर्षांच्या लेकराला ती चाळीस जणांसमोर उभे राहून घ्यावी लागते आणि लगेच पुढच्या तासाला गणिताची चाचणी असते. त्या चाचणीत त्याला कमी गुण पडले की मॅडम तक्त्यावर बोट ठेवतात.

फळ्याजवळ गेले की विसरते, असे ती माउली म्हणाली. फळ्याची दुसरी एक गोष्ट या समाजाला पाठ आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले तेव्हा वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. विटाळ होईल म्हणून मुले धावली, डबे बाजूला सारले, मगच बाबासाहेबांचा हात फळ्याला लागला. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई नसला तर दिवसभर तहानलेले राहावे लागे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण किती होते? ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा भरत नाहीत. आजच्या एखाद्या शाळेने त्यांना ‘क’ तुकडीत बसवले असते आणि घरच्यांना सांगितले असते की फार अपेक्षा ठेवू नका.

मग पुढे काय घडले? त्यांच्याकडे जिद्द होती, अठरा-अठरा तास वाचण्याची ताकद होती, हे खरेच. पण तेवढेच सांगून थांबणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय. साताऱ्याला मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातले अन्न देणारे आंबेडकर गुरुजी होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाकडे पाहून त्याची चौकशी करणारे कृष्णराव अर्जुन केळुस्कर होते. मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याच्या हाती ठेवले आणि सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची शिफारस नेली. बडोद्याची शिष्यवृत्ती होती, म्हणून १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. मुलाची जिद्द, शिक्षकाची माया आणि राज्याचा पैसा, अशा तीन गोष्टी जुळून आल्या. आजचे प्रशिक्षण या तिघांतील फक्त पहिली गोष्ट मुलाकडे मागते आणि उरलेल्या दोहोंबद्दल गप्प बसते. आमचा आक्षेप आहे तो इथे.

हा आक्षेप आमचा एकट्याचा नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर केलेला मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षा कमी वेळाचा ‘बुद्धी वाढते’ हा पाठ संगणकावर दिल्यावर अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचे गुण थोडे सुधारले. थोडेच, पण सुधारले. ती सुधारणाही टिकली ती ज्या शाळेत सोबतची मुले अवघड काम स्वीकारण्याला मान देत होती तिथे. जिथे वातावरणच उलटे, तिथे बी पेरूनही उगवले नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्याला हे समजावून सांगायला नको. खान्देशच्या काळ्या जमिनीत कापूस येतो, राखेच्या ढिगावर येत नाही. बियाण्याला दोष देण्याआधी जमीन पाहावी लागते.

सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणजे स्वतःच्या भावना ओळखणे, राग-भीती आवरणे, दुसऱ्याचे दुःख समजणे, नाते जपणे, विचार करून निर्णय घेणे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही त्याचा उल्लेख आहे. चांगली गोष्ट आहे. पण आम्ही विचारतो, हे शिक्षण नेमके कुणाला द्यायचे आहे?

जळगावची डॉ. पायल तडवी आठवा. तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला गेली. जिद्द, चिकाटी, अवघड कामाला न घाबरणे, यातले तिच्याकडे काय कमी होते? २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात जीवन संपवले. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, तिघींना अटक झाली, खटला न्यायालयात गेला. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या आपल्या मुलांना ‘ग्रोथ माइंडसेट’ कमी पडला म्हणून नव्हे. शिक्षणसंस्थांनी जातीचा छळ थांबवावा म्हणून गेल्या. दुसऱ्याचे दुःख समजण्याचा पाठ छळणाऱ्यांना आणि पाहून गप्प बसणाऱ्यांना पहिलीपासून मिळायला हवा होता. सोसणाऱ्यालाच सोसण्याचे आणखी एक तंत्र शिकवणे हा न्याय नव्हे.

आता थोडे घरचे बोलू. बाहेरच्यांवर बोट ठेवणे सोपे असते.

रीमा हॅना आणि ली लिंडेन या अभ्यासकांनी भारतातील एका शहरात केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मनाला येईल तशी जात लिहून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. त्याच दर्जाच्या पेपरला, वर खालची जात लिहिलेली असली, की थोडे कमी गुण पडले. इथवर आम्हाला अपेक्षितच होते. पुढचा निष्कर्ष मात्र आम्हाला बोचला. हे कमी गुण मुख्यतः देणारे शिक्षक स्वतः खालच्या मानलेल्या जातींतले होते! ज्यांनी आपल्या लेकरांचा हात धरायचा, त्यांच्याच लाल पेनातून अविश्वास उतरला. व्यवस्था माणसाच्या आत किती खोल जाऊन बसते, याचे यापेक्षा कडू उदाहरण आम्हाला माहीत नाही.

भुसावळ परिसरात रेल्वे, आयुध निर्माणी आणि वीज मंडळ यांनी आमच्या एका पिढीला कायम नोकरी दिली. ती बाबासाहेबांच्या राज्यघटनेमुळे मिळाली. त्या पिढीची मुले इंग्रजी शाळेत गेली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण वसाहतीतल्या आमच्याच काही घरांत ‘वस्तीतल्या पोरांत खेळू नको’ असे लेकरांना सांगितले जाते की नाही? अहिराणी किंवा तडवी बोली बोलणाऱ्या पोराला आमचीच मुले हसतात की नाही? चौदा एप्रिलला मिरवणुकीत खांद्याला खांदा लावून चालायचे आणि पंधरा एप्रिलला कंत्राटी कामगाराच्या पोराला ‘ढ’ म्हणायचे, याचा हिशेब कोण देणार? आमच्या घरातल्या मुलाला ऐंशी टक्के पडले की ‘हुशार आहे’ म्हणायचे, चाळीस पडले की पट्टा काढायचा, हेही चालते. ‘कुठे अडले ते दाखव, आपण मिळून पाहू,’ असे किती बाप म्हणतात?

महाराष्ट्रात वेगळी वाट दाखवणारे प्रयत्न झालेले आहेत. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमाची सुरुवात २००९ साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत झाली आणि पुढे राज्य शासनाने तो इतर जिल्ह्यांतही नेला. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही संविधानाची मूल्ये पाठांतराने न शिकवता मुलांनी जोडीने, गटाने बोलून, खेळून शिकावीत ही त्यामागची कल्पना. भावनांचे शिक्षण परदेशी तक्त्यांवरून घेण्यापेक्षा उद्देशिकेतून घेता येते, हे यातून दिसते. बंधुता ही भावनाच आहे. ती कायद्याने आणता येत नाही, पण वर्गात रुजवता येते.

मग करायचे काय? चार-पाच साध्या गोष्टी आहेत. त्यांना निधी लागत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात नावे पुकारून वाटू नयेत. ते पालकांना बोलावून किंवा पाकिटातून द्यावेत. जातीची नोंद दाखल-खारीज रजिस्टरमध्ये असते ती तिथेच राहावी, वर्गात वाचली जाऊ नये. गुणांवरून ‘अ’, ‘ब’, ‘क’ तुकड्या पाडू नयेत. पाडल्या असतील तर मिसळाव्यात, बाकांची जागा दर आठवड्याला बदलावी. शिक्षकाच्या तोंडी ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘तुमची सीट असतेच’ हे शब्द आले तर पालकांनी ते खपवून घेऊ नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलाला मारण्यास मनाई केली आहे, तशीच त्याच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे. हे कलम किती पालकांना माहीत आहे? त्याच कायद्याने शासकीय आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे पाऊण सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. या समित्यांवर आमचे लोक नावापुरते असतात, सही करून चहा पिऊन येतात. तिथे बोलले पाहिजे. आणि विहारात रविवारी तासभर तरी वस्तीतल्या मुलांसाठी फळा लावला पाहिजे. त्या फळ्यासमोर चुकलेल्याला कुणी हसणार नाही, एवढा एकच नियम तिथे पुरे.

आम्ही त्या मॅडमना पुन्हा जाऊन भेटलो. भांडायला नव्हे. त्या वाईट बाई नाहीत, पंचावन्न मुलांचा वर्ग सांभाळतात, सुट्टीतही थांबतात. उत्तर प्रदेशातील त्या प्रयोगाची हकिगत आम्ही त्यांना सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अर्जांचं मी बदलीन. पण तो मुलगा फळ्याजवळ येतच नाही हो, त्याला काय करू?” आम्ही म्हणालो, आधी त्याच्या बाकाजवळ जाऊन बसा. त्याची वही पाहा. तो कुठवर बरोबर आला आहे ते त्याला सांगा. फळा नंतर.

तेवढे त्या करतील की नाही, हे पुढच्या पालकसभेत कळेल. त्या सभेला आता आई एकटी जाणार आहे. काय विचारायचे ते तिने आमच्याकडून एका कागदावर लिहून घेतले आहे, आणि पोराकडून ते रोज वाचून घेते आहे. दीपनगरहून दूरदूरच्या गावांना वीज जाते. तिथल्याच एका वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या लेकराने स्वतःचा दीप व्हावे, असे आम्हाला वाटत असेल तर त्याच्यावर फुंकर घालणारी तोंडे आधी बंद केली पाहिजेत. त्यातले एखादे तोंड आपलेही असू शकते, हे प्रत्येकाने घरी जाऊन तपासावे.

जय भीम!